बर्फ भरलेला थर्मास

प्रयोगशाळेच्या दारात बसलेल्या बाईने थर्मास पुढे केला. "बर्फ भरूनच आणलाय साहेब. परतूरला घरी पोचेपर्यंत औषध नासायला नको." दुसऱ्या हातात पेपरचं कात्रण होतं. त्यातल्या फोटोत डॉक्टर सबनीस हसत होते.

विषाणूचं फक्त टरफल ठेवायचं, आतलं काढून टाकायचं, त्यात कॅन्सरचं औषध भरून ते थेट गाठीपर्यंत पाठवायचं, असं त्यांनी बातमीदाराला समजावलं होतं. रुग्णांना कधी मिळेल, या प्रश्नावर 'लवकरच' म्हणून मोकळे झाले होते.

"ते अजून उंदरांवरच चाललंय," सबनीस पुटपुटले. "माणसांना द्यायला बरीच वर्षं लागतील."

बाईने कात्रणाची घडी घातली. "उंदरं बरी झाली का?"

"काही झाली."

"बरं झालं." तिने थर्मासातला बर्फ दारातल्या कुंडीत ओतला. "मालक घरी वाट बघतायत. त्यांना काय सांगू?"

सबनीसांच्या ओठांवर पुन्हा तोच 'लवकरच' शब्द आला. त्यांनी तो गिळला. तिच्या हातातला रिकामा थर्मास घेऊन ते खाली मान घालून त्याचं झाकण लावत राहिले.