दादाचं माप

नट किती आवळायचा याचं माप लावता येणारा टॉर्क रेंच काम संपलं की शून्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतून बिघडतो, असं दादा ओरडून सांगायचा. त्या दिवशी मात्र तो चाक अर्धवट आवळून, रेंच तसाच ठेवून घरी जेवायला निघाला आणि अपघातात गेला. त्याने लावलेलं माप बदलू नये म्हणून बाबांनी रेंचला कुणाला हात लावू दिला नाही. आज त्यांनी स्वतःच तो गिऱ्हाइकाच्या गाडीला लावला आणि जोर दिला. नट पुरेसा आवळला की रेंच खट् वाजतो; हा वाजेना. “बाबा, जाम झालाय. सोडा, बोल्ट तुटेल!” “तुझ्या दादाचं माप आहे. वाजेल, थांब.” पाय रोवून त्यांनी सगळं अंग रेंचवर टाकलं. खट्! कितीतरी महिन्यांनी बाबा हसले. “ऐकलंस? वाजला!” रेंचच्या तोंडाशी, सॉकेटमध्ये, नटासकट तुटलेला बोल्ट अडकला होता. “हो, वाजला,” मी म्हणाले. ते पुढच्या नटाकडे वळले.