सोमवारचा फोन

बँकेचा फोन आला तो नेमका सोमवारी.

चंदा पडवीत तांदूळ पाखडत होती. फोन तिच्या सुनेने, भूमिकाने उचलला आणि सासूला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

“चंदाबाई बोलताय का? क्रेडिट कार्डाचा अर्ज केलाय ना तुम्ही?”

चंदाने सूप खाली ठेवलं.

सोमवारी तिचं मौन असे. सकाळच्या पूजेपासून संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत. ही गोष्ट तिने घराबाहेर जाऊ दिली नव्हती; बोलून दाखवलेल्या व्रताचं फळ जातं, असं तिच्या सासूने शिकवलं होतं. कोणी दारात आलंच, तर घरातले सांगत, घसा बसलाय. मागच्या पावसाळ्यात अक्षयला, तिच्या एकुलत्या एक मुलाला, मोबाइलवर पैसे लावून खेळायचा नाद लागला. तेव्हा तिने हे सोमवार धरले. नाद सुटला. सोमवार तिने सोडले नाहीत.

“मी त्यांची सून. बोला,” भूमिका म्हणाली.

“अर्ज मंजुरीला आलाय. थोडी माहिती पडताळायची आहे.”

चंदा फोनजवळ सरकली. या अर्जासाठी तिने वर्ष घातलं होतं. भातसा धरणावर नोकरीला असलेला नवरा गेला, तेव्हा हाती आलेला पैसा तिने शहापूरच्या बँकेत ठेव म्हणून ठेवला होता. त्या ठेवीवर लहानसं कार्ड घ्यायचं, महिन्याचा किराणा त्यावर आणायचा, बिल तारखेच्या आत भरायचं. बँकेत पत झाली की भाताच्या गिरणीसाठी कर्ज मागायचं. त्याआधी तिने बचत गटाचं सगळं देणं फेडलं. आधार आणि पॅनवरचं नाव सारखं करून घेतलं. मुरबाडच्या दुकानातून मिक्सर मुद्दाम हप्त्यावर आणला आणि एकही हप्ता चुकवला नाही.

हे सगळं समजावलं अक्षयनेच. “लिमिट जरा मोठं घे, आई,” एवढंच तो अधूनमधून म्हणे. ती मान हलवी. झेपेल तेवढंच.

अंगणात तिचा धाकटा दीर शेखर दोरी वळत बसला होता. कान इकडेच. बँकेचा फोन आला का, हे त्याने सकाळपासून कितीदा विचारलं होतं. पैशाचं नाव काढलं की त्याला उधार हवं असे, म्हणून चंदा ठेवीची पावती कणगीत लपवून ठेवी.

“वयनी, कार्ड आलं का म्हशाच्या जत्रेतून मला एक खोंड घ्या हां,” तो ओरडला. “घासलं का झालं!”

“काका, खोंडावाला नाय घेत कार्ड,” भूमिका फोनवर हात ठेवून म्हणाली.

“मंग काय कामाचं ता?”

फोनवरचा माणूस घाईत होता. चंदाची जन्मतारीख, तिच्या आईचं नाव, ठेव कधीची, सगळं तो स्वतःच सांगत होता. भूमिका नुसतं हो म्हणत होती.

“बँकेचाच हाय,” ती सासूच्या कानाशी कुजबुजली.

“आता मोबाइलवर एक नंबर आला असेल. तो वाचून दाखवा.”

नंबर आला होता. भूमिकाने तोंड उघडलं, तोच चंदाने तिचं मनगट धरलं. अक्षयने बजावलं होतं. तो नंबर कोणाला सांगायचा नाय, आई. बँकवाल्याला नाय, मलापण नाय.

“लवकर मॅडम. आज नाही झालं तर अर्ज रद्द होईल. मग सहा महिने पुन्हा करता येणार नाही.”

“आई, वाचू का?” भूमिकाचा आवाज रडवेला झाला. “समदं बरोबर सांगतोय तो.”

शेखर दोरी टाकून पायरीशी आला. “अगो सांग ना. सा महिने फुकट कशाला घालवता?”

चंदाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट मागे सरला.

तुमचं नाव काय, कुठल्या शाखेतून बोलता, एवढं विचारलं असतं तरी काम झालं असतं. शब्द ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले. हे मौन अक्षयसाठी होतं. पण सुनेचं मनगट काही सोडलं नाही.

“साहेब, अर्ज सासूबाईंचा हाय. त्याच सांगतील,” भूमिका शेवटी म्हणाली. “पण त्यांचा घसा बसलाय. आता बोलता येत नाय.”

पलीकडचा आवाज एकदम दबला. कोणी फोनवर हात ठेवावा तसा. मग तो माणूस म्हणाला, “हरकत नाही. दिवा लागल्यावर करतो. तेव्हा नवा नंबर पाठवीन.”

फोन बंद झाला.

“चांगला माणूस हो,” भूमिकाने श्वास सोडला. “थांबला आपल्यासाठी.”

चंदाने सूप उचललं. दोन-चारदा पाखडलं आणि हात थांबला. तिने अंगणात पाहिलं. शेखर पुन्हा दोरी वळत होता. त्याचा फोन मघापासून खिडकीत चार्जिंगला होता. मग तिची नजर भिंतीवरच्या खुंटीकडे गेली. मोटरसायकल दुरुस्तीला दिलीय, असं अक्षय सांगत होता. महिना झाला, खुंटीवर किल्ली नव्हती.

सूप तसंच मांडीवर राहिलं.

ऊन उतरलं. कोंबड्या खुराड्यात गेल्या.

“हे आज उशिरा येतील,” भूमिका म्हणाली. “ओव्हरटाइम हाय, असा मेसेज आलाय.”

चंदाने हातपाय धुतले. वात वळली. पहिली काडी मोडली, दुसरी विझली. दिवा लागला तशी तिने महादेवाच्या तसबिरीपुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ वर उचललं नाही.

फोन वाजला. भूमिका धावली, पण चंदाने तो आधीच उचलला होता. मौन सोडताना पहिला शब्द देवाचा, हा तिचा नेम. आज तो मोडला.

“माझा घसा दिव्याला सुटतो, हे तुमाला ज्यानं सांगितलं ना,” ती हळू आवाजात म्हणाली, “त्याच्याकडं फोन द्या. म्हणावं, आई बोलतेय.”