कौलांतून सोडलेला दोर

"मग दोर सोडला खाली," मोतीलाल म्हणाला, "अन् तो सर्रकन उतरला, साहेब. तोंडाले काळा रुमाल. चपला कमरेले खोसल्या."

बालाघाटच्या त्या कोर्टात बारा वर्षांचं पोर सिनेमा सांगत होतं आणि दारातला शिपाई तोंड उघडं टाकून ऐकत होता.

दुलीचंद शेठच्या राइस मिलच्या ऑफिसातून ट्रान्झिस्टर गेला होता. तो अनुसयाच्या घरी तांदळाच्या कोठीत सापडला आणि पोलिसांसमोर तिचा पोरगा मोतीलाल स्वतःच पुढे झाला. सिनेमात पाहून केलं, म्हणाला. आता त्याला सुधारगृहात पाठवायचं की आईच्या हवाली करायचं, एवढंच मॅजिस्ट्रेट साहेब ठरवणार होते.

अनुसया पदर घट्ट धरून उभी होती. पोरगा एखाद्या शब्दाला अडखळला तर? पण तो अडखळत नव्हता. त्याच्या हातांमधून छप्पर उभं राहिलं, कौलं सरकली, चांदणं आत पडलं. दोर तर तिला दिसलाच. आपल्याच पोटच्या पोरात एवढं सगळं होतं?

"भीती नाही वाटली?" साहेबांनी विचारलं.

"सिनेमातला भ्याला नव्हता, साहेब. मी काहून भिऊ?"

शिपाई फिसकन हसला. साहेबांनी डोळे वटारले, पण त्यांच्याही ओठांचे कोपरे हलले.

"वडील का नाही आले?"

"पाय मुरगळला हाय त्यांचा, साहेब," अनुसया म्हणाली. "टेकवत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. सिनेमानं पोरं कशी नासवली, यावर ते बराच वेळ बोलले. मुलगा मुळात वाईट नाही. पडद्यावर दिसलं ते त्यानं केलं, म्हणाले. मग अनुसयाकडे वळले.

"घेऊन जा, बाई. पण यापुढं यानं टाकीजची पायरी चढायची नाही. कळलं का रे?"

"हौ, साहेब."

बाहेर रस्त्यावरून भोंगा लावलेला टांगा नव्या सिनेमाची जाहिरात करत चालला होता. मोतीलाल थांबला. टांग्याला बांधलेल्या रंगीत चित्राकडे तो पाहतच राहिला.

"आई, पडद्यावरची माणसं खरंच हालतेत?"

"मले काय माहीत? घरी गेल्यावर बापाले विचार," अनुसया म्हणाली. "सिनेमा पाह्यलाही त्यानं, अन् शेठच्या मिलीत उतरलाही तोच."