मोकळे हात

"परक्या बाईने खांदा द्यायचा? लोक काय म्हणतील?" काका माझ्या कानाशी कुजबुजले. बाबांची तिरडी उचलायची वेळ झाली होती आणि पदर खोचून ती अनोळखी बाई पुढे आली होती.

"गेल्या वर्षी मी भरबाजारात कोसळले," ती म्हणाली. "भोवती सगळे पुरुष होते. बाईमाणसाच्या छातीला हात कोण लावणार, म्हणून नुसते बघत राहिले. तुमच्या वडिलांनी लावला. अँब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिले."

तो दिवस मला आठवला. बाबा सुजलेला गाल घेऊन घरी आले होते. गर्दीतून घुसलेल्या तिच्या दिराने भलताच समज करून घेऊन त्यांच्या थोबाडीत मारली होती. "आणि तुम्ही गप्प बसलात?" मी संतापले होते.

"काय करणार? हात मोकळे नव्हते," बाबा म्हणाले होते.

"लोक काय म्हणतील याच विचारात तेव्हाही सगळे उभे होते, काका," मी म्हणाले आणि पुढची उजवी बाजू तिला दिली. डावी माझी होती.

चढावर तिला धाप लागली. "बदलायचं का?" मी विचारलं.

"तुमचे वडीलही दमले असतील," ती म्हणाली. "थांबले नाहीत."