पांढऱ्याला पांढरंच

फूल जांभळं होतं. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. तरी जांभळंच. शेजारच्या रोपाच्या कळीलाही जांभळी कड दिसत होती. तिच्या पलीकडच्या कळीलाही.

त्यांचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. चूक असेल तर ती कुठेतरी सापडायलाच हवी, एवढं एकच शास्त्र त्यांना येत होतं. व्हायोलेटच्या या रोपांचे आईबाप खिडकीतच बसले होते. एक कुंडी या घरातली, जुनी. दुसरी सून लग्न होऊन येताना माहेरून घेऊन आली होती. दोन्हींची फुलं पांढरीशुभ्र. आजोबांनी स्वतः ब्रशने एकीचे पराग दुसरीला लावले होते. पुस्तकात स्वच्छ छापलं होतं, रंग वरचढ असतो, पांढरा दबून राहतो. पांढरा दिसला म्हणजे आत रंग लपलेला नाही. पांढऱ्याला पांढरंच येणार.

“अगं, माझा ब्रश कलप लावायला घेतला होतास का?”

“माझ्या कलपात एवढा दम असता,” आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “तर माझे केस असे दिसले असते का?”

मग मधमाशी? खिडकीला तर जाळी होती. बिया बदलल्या असतील? घरात दुसऱ्या बियाच नव्हत्या.

फूल जांभळं आलं म्हणून कुणाचं काही अडणार नव्हतं. पण आजोबांनी पुस्तकातलं ते वाक्य फुलांपुरतं ठेवलं नव्हतं. मुलाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यानं पसंत केलेल्या मुलीलाही नाही. “पोरंही तशीच होणार बघ. पांढऱ्याला पांढरंच,” असं ते लग्नानंतर कितीदा तरी म्हणाले होते. आजी दर वेळी डोळे वटारायची. तेव्हा समोर सून बसलेली असली तरी आजोबांना फिकीर नसायची. सून ओठ वाचायची, पण त्यांची मिशी ओठांवर छपरासारखी उतरलेली होती. पहिल्याच भेटीत तिनं हसत कागदावर लिहिलं होतं, ‘बाबांचं काहीच वाचता येत नाही.’ तेव्हापासून तिच्याशी काही बोलायचं तर आजोबा जुन्या मुद्रितांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे. बाकीचं मिशीआडून बिनधास्त बोलायचे.

आता नात पाळण्यात झोपली होती. दीड महिन्याची. तिच्या कानांची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. तोवर पाळण्याजवळ एक टाळी वाजवून बघायचीही कुणाची छाती नव्हती. आजी भांडी अलगद ठेवायची. आजोबा खोकला आला की गॅलरीत जायचे. ज्या दोघांना ऐकू येत होतं, तेच दोघं घरात पावलं न वाजवता वावरत होते.

कुंड्यांखालचा पत्र्याचा ट्रे फुलासकट उचलून आजोबा खोलीच्या मधोमध उभे राहिले. सून पाळण्याशी दुपट्यांच्या घड्या घालत होती.

“पांढऱ्याला पांढरंच यायला हवं होतं,” ते स्वतःशीच पुटपुटले. “चुकलं कुठं?”

सून उठली. त्यांच्या कानावरची पेन्सिल तिनं काढून घेतली. ट्रेमध्ये कुंड्यांखाली घातलेल्या मुद्रिताच्या कोपऱ्यावर लिहिलं, ‘तुमचं पांढर निराळं असेल. माझं निराळं.’

आजोबांनी ट्रे पोटाशी टेकवून पेन्सिल परत घेतली आणि सवयीनं आधी ‘पांढर’वर राहिलेला अनुस्वार दिला. मग वाक्य वाचलं. निराळं पांढरं? पांढरं म्हणजे पांढरं. त्यात निराळं काय असणार?

पुन्हा वाचलं. त्यांना छापखाना आठवला. यंत्रातून कधी कधी पान कोरंच बाहेर यायचं. कधी शाई संपलेली असायची. कधी शाई असायची, पण अक्षरांचे खिळे बसवायचे राहिलेले असायचे. पान दोन्ही वेळा पांढरंच. दिसायला अगदी सारखं. पण एका यंत्राची शाई घेतली आणि दुसऱ्या यंत्राचे खिळे घेतले, तर?

तर पान छापून येईल.

हात कधी सैल पडले ते त्यांना कळलं नाही. ट्रे फरशीवर पडला. पत्रा ठणठणत भिंतीपर्यंत गेला. सून तोवर पुन्हा दुपट्यांकडे वळली होती, तिनं मानही वळवली नाही. पण पाळण्यातल्या दोन्ही मुठी एकदम वर उडाल्या. मग नातीनं टाहो फोडला.

“काय पाडलंत?” म्हणत आजी धावत आली.

कागद, पेन्सिल, सगळं आजोबा विसरले. “जांभळी आहे!” ते ओरडले. “अगं, जांभळी आहे ती!”

आजी त्यांच्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. सुनेनं लेकीला छातीशी उचलून घेतलं. रडण्यानं हलणाऱ्या पाठीवर तळहात ठेवला. मग विखुरलेल्या मातीतल्या फुलाकडे आणि आजोबांच्या मिशीकडे बघून ती आपल्या जडशा आवाजात म्हणाली,

“मग आता जपून बोलत जा, बाबा. तुमची मिशी वाचायला मला एक महिना लागला. हिला तेवढाही लागणार नाही.”