बरणीतला कोळी

जेवण गार लागलं, एवढंच निमित्त झालं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नवऱ्याने तिच्या तोंडात टॉवेल कोंबला आणि दंडावर पेटत्या सिगरेटचे चटके दिले. जखमा चिघळून ताप चढला, तसा तो घाबरला.

"दवाखान्यात कोळी चावला म्हणायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर दुसरा हातही शिल्लक ठेवणार नाही. आणि एखादा कोळी धरून बरणीत घाल. डॉक्टरांना पटायला हवं."

तपासणीच्या खोलीत तोच बोलत होता. "कोपऱ्याकोपऱ्यात जाळी हो, डॉक्टर! हिला झाडायला सांगून माझी जीभ झिजली." बोलताना त्याची बोटं तिच्या मानेत रुतली होती.

डॉक्टरबाईंनी बरणी उजेडात धरली. आत काडीसारख्या लांब पायांचा कोळी थरथरत होता. मग त्यांनी दंडावरच्या गोल जखमा नीट पाहिल्या.

"यांना इंजेक्शन द्यायचंय. तुम्ही बाहेर थांबा."

तो बाहेर जाताच त्यांनी दाराला आतून कडी घातली. "ताई, हा कोळी माणसाला काही करत नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "खोटं सांगायला तुम्ही चुकीचा कोळी आणलात."

बाहेरून दारावर लाथ बसली. ती दचकली, पण बोलली.



"चुकीचा नाही, डॉक्टर. विषारी कोळी कपाटामागे होता. मी मुद्दाम हाच शोधून आणला."