व्हिएन्नाहून परत

"तिथेच थांबा," पद्माकर काचेआडून म्हणाले. "मुलांना पुढे येऊ देऊ नकोस, रविंद्र."

रविंद्रने वेद आणि अनुष्काला हात धरून मागे ओढलं. टॅक्सीतून उतरून चौघं बाजूच्या गेटने थेट मागच्या अंगणात आली होती. नातवंडं बऱ्याच दिवसांनी समोर दिसत होती, तरी पद्माकर सरकत्या दारापलीकडून नुसता हात हलवत राहिले.

युरोपची सहल अर्ध्यावर टाकून सगळे परतले होते. पॅरिस झालं, प्राग झालं. व्हिएन्नात असतानाच कोरोनामुळे इटली बंद झाली आणि व्हेनिस राहिलं. मग मिळेल त्या विमानाने सिडनी गाठलं. बाहेरून येणाऱ्यांनी दोन आठवडे वेगळं राहायचं, असा नियम नुकताच निघाला होता. क्वेकर्स हिल या उपनगरातल्या त्यांच्या घरामागे, अंगणापलीकडे, ग्रॅनी फ्लॅट म्हणजे वेगळं छोटं घर होतं. एरवी तिथे पद्माकर राहायचे. रविंद्रची बायको सुनेत्रा हिने व्हिएन्नाहूनच फोन करून अदलाबदल ठरवली होती: ते मोठ्या घरात, चौघं फ्लॅटमध्ये.

"बाबांना दमा आहे," ती रविंद्रला म्हणाली होती. "आपल्यामुळे त्यांना काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही."

सुरुवातीचे दिवस बरे गेले. पद्माकर आमटी-भात करून डबा अंगणातल्या बार्बेक्यूच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि आत गेल्यावर हात करायचे. संध्याकाळी काचेच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडून, फोन स्पीकरवर ठेवून गप्पा चालायच्या.

"आज कुठलं गाव?" ते विचारायचे.

"प्राग," वेद म्हणाला. "आजोबा, तिथे एक ह्यूज क्लॉक आहे. त्यात स्केलेटन आहे आणि तो बेल वाजवतो. इट्स सो क्रीपी."

"बापरे. आणि व्हिएन्ना?"

"व्हिएन्नात शेवटी काहीच उघडं नव्हतं," सुनेत्रा म्हणाली. "कॅफेवाला आमच्यादेखत खुर्च्या आत नेत होता. तुमचं कसं चाललं होतं, बाबा?"

"मजेत. गेल्याच आठवड्यात माझ्या मित्राच्या, विलासच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस झाला. हॉल भरला होता. तुम्ही तिकडे अडकलात आणि आम्ही इकडे श्रीखंड खातोय."

मग एके सकाळी अनुष्का खोकत उठली. अंग गरम होतं. चौघांनी क्लिनिकबाहेरच्या रांगेत उभं राहून टेस्ट दिली. रविंद्रने फोन करून वडिलांना सांगितलं.

"काळजी घ्या," ते एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांची खुर्ची काचेपाशी नव्हती. ती पार आत, जेवणाच्या टेबलामागे गेली होती. गळ्यात मफलर होता.

"थंडी पडायला लागली," ते म्हणाले. "आज मी नुसतं ऐकतो. तुम्ही पॅरिसचं सांगा."

रिपोर्ट आले. चौघांचेही निगेटिव्ह. अनुष्काचा तापही उतरला. सुनेत्रा अंगणातूनच हसत ओरडली, "बाबा, काही नाही आम्हाला."

"फार छान झालं," पद्माकर टेबलामागून म्हणाले. खुर्ची मात्र त्यांनी जागची हलवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून डबाही बंद झाला. वाणसामान रविंद्रचा मित्र गुरुदत्त गेटवर ठेवून जाऊ लागला. गुढीपाडव्याला सुनेत्राने फ्लॅटमधल्या छोट्या शेगडीवर शिरा केला, वाटी झाकून कट्ट्यावर ठेवली. दुपारी पाहिलं तर मॅगपाय पक्ष्याने झाकण पाडून शिरा विस्कटला होता. पद्माकर बाहेर आलेच नव्हते.

"आपल्या हातचं खायलाही घाबरतात," ती म्हणाली.

"वय झालंय त्यांचं," रविंद्र म्हणाला. "टीव्हीवर दिवसभर तेच बघतात."

"टेस्ट झाली ना आपली? अजून काय दाखवायचं त्यांना?"

गप्पाही आटल्या होत्या. पद्माकर दोन-चार शब्द बोलायचे आणि फोन म्यूट करायचे. मुलं सांगत राहायची, ते टेबलामागे मान हलवत राहायचे.

दोन आठवडे संपले. मुलं आंघोळ करून, पॅरिसहून आजोबांसाठी आणलेली टोपी घेऊन तयार झाली. तेवढ्यात फोन वाजला.

"सुनेत्रा, अजून आठवडाभर तिथेच राहा," पद्माकर म्हणाले.

"का?"

"ऐक माझं."

"बाबा, नियम आम्ही पाळला. रिपोर्ट चांगले आहेत. मुलं तुमच्यासाठी ताटकळलीत. आम्ही काय तुमच्या घरात रोग घेऊन आलोय?"

पलीकडून फोन बंद झाला.

सुनेत्रा उठली. रविंद्रने "राहू दे गं" म्हणेपर्यंत ती घराला वळसा घालून पुढच्या दाराशी पोहोचली होती. तिने किल्ली फिरवली. दार बोटभर उघडलं आणि आतल्या साखळीला अडलं.

"बाबा, साखळी काढा."

"जा तू, सुनेत्रा," आतून आवाज आला. "मुलांकडे जा."

"नाही जाणार. तुम्ही तोंडावर सांगा मला, काय चुकलं आमचं."

मागे गाडी थांबली. निळा गाऊन, मास्क आणि हातमोजे घातलेली एक नर्स उतरून ड्राइव्हवेवरून येत होती. सुनेत्राचं डोकं सणकलं. म्हणजे बाबांनी थेट आपली तक्रार केली होती.

"आमचे दोन आठवडे पूर्ण झालेत," ती इंग्रजीत, आवाज चढवून म्हणाली. "चौघांची टेस्ट निगेटिव्ह आहे. आता आम्हाला कोणी अडवू शकत नाही."

नर्स तिच्यापासून बरीच लांब थांबली.

"मग प्लीज त्या दारापासून दूर व्हा," ती म्हणाली. "पद्माकर पॉझिटिव्ह आहेत."